कॅड ड्रॉइंगमधली लेबलं: एमटेक्स्ट नीट वापरायचं तंत्र

स्लॅबच्या एका ड्रॉइंगवर मी साधीच टीप लिहिली होती: '८ मिमी सळी, १५० मिमी अंतराने, एक आड एक वाकवणे.' माझ्या संगणकावर ती तीन ओळींत नेटकी बसली होती. साइटवर छापून गेलेल्या प्रतीत तिच्या चार ओळी झाल्या आणि चौथी ओळ, म्हणजे 'एक आड एक वाकवणे', खालच्या हॅचच्या, म्हणजे भाग भरून दाखवणाऱ्या, रेघांत बुडून गेली. फिटरने सगळ्या सळ्या सरळ बांधल्या. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी तपासणीत ते लक्षात आलं. बांधलेल्या सळ्या सोडून पुन्हा बांधायला रात्रीचे अकरा वाजले.

चूक फिटरची नव्हती, माझी होती. प्लॉट, म्हणजे छापील प्रत, काढणाऱ्याच्या संगणकावर मी वापरलेला फॉन्ट नव्हता. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरने त्याजागी दुसरा, थोडा रुंद फॉन्ट घेतला. मजकुराची चौकट तेवढीच राहिली, अक्षरं फुगली आणि शेवटचे शब्द खाली ढकलले गेले. हे टाळण्यासाठी काय करता येतं ते मी नंतर एकेक करून शिकलो, आणि ते सगळं इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं ऑटोकॅडची आहेत. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, ड्राफ्टसाइट वापरत असाल तरी कमांडची नावं आणि वागणूक बहुतेक अशीच सापडेल.

एक ओळ की अनेक ओळी

ऑटोकॅडमध्ये मजकूर लिहायचे दोन मार्ग आहेत. 'टेक्स्ट' ही कमांड एकेरी ओळ लिहिते. तिथे एंटर दाबून चार ओळी लिहिल्या तर चार वेगळ्या वस्तू तयार होतात. 'एमटेक्स्ट' कमांड सगळ्या ओळी मिळून एकच वस्तू करते, तिला रुंदी असते, परिच्छेद असतात, टॅब असतात. ही सोय १९९४ साली रिलीज १३ मध्ये आली. त्याआधीची, आणि त्यानंतरही जुन्या सवयीने काढलेली, कितीतरी ड्रॉइंग आजही ऑफिसात फिरतात. त्यांत सूचनांचा आख्खा परिच्छेद वीस सुट्या ओळींचा असतो आणि मधला एक शब्द बदलायचा म्हटलं की खालच्या सगळ्या ओळी हाताने जुळवाव्या लागतात.

अशा सुट्या ओळी एकत्र करायला 'टीएक्सटी-टू-एमटीएक्सटी' ही कमांड आहे: ओळी निवडा, एंटर दाबा, एक एमटेक्स्ट तयार. ओळींचा क्रम वरून खाली धरायचा की तुम्ही निवडाल तसा, हे तिच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. जोडल्यावर मजकूर एकदा वाचून घ्या, कारण ओळी वाकड्यातिकड्या असतील तर क्रम उलटसुलट होऊ शकतो. उलट दिशेला, म्हणजे एमटेक्स्टवर 'एक्सप्लोड' चालवलं तर ते पुन्हा सुट्या ओळींत विखुरतं. गरज नसताना ते करू नका.

माझा नियम असा: ग्रिडचा आकडा, दरवाजा-खिडकीची खूण, लेव्हल यांना एकेरी ओळ पुरते. दुसरी ओळ येण्याची शक्यता असेल तिथे पहिल्यापासून एमटेक्स्ट.

आधी कागदावरची उंची ठरवा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. स्क्रीनवर मजकूर कितीही मोठा-लहान करता येतो, म्हणून उंची अंदाजाने टाकली जाते आणि प्लॉट आल्यावर काही लेबलं भिंग लावून वाचावी लागतात. म्हणून आधी ठरवायचं ते छापील कागदावर अक्षर किती मिलिमीटर उंच हवं.

यासाठी ठरलेली मालिका आहे: १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४ आणि २० मिमी. आयएसओ ३०९८ या मानकातली ही मापं. आपल्याकडे तांत्रिक ड्रॉइंगवरच्या अक्षरांसाठी आयएस ९६०९ आहे, आणि डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या मुलांना एसपी ४६ हे पुस्तक ओळखीचं असतं. प्रत्येक माप आधीच्याच्या साधारण १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाने मोठं आहे. ए मालिकेतला कागद एका मापाने वाढला की त्याची बाजूही तेवढ्याच पटीने वाढते. त्यामुळे ए-१ वरचं ३.५ मिमीचं अक्षर ए-२ वर लहान करून छापलं की बरोबर २.५ मिमीचं होतं.

साध्या घराच्या प्लॅनवर मी खोलीचं नाव ३.५ मिमी, त्याखालची मापं आणि टिपा २.५ मिमी, शीर्षक ५ किंवा ७ मिमी ठेवतो. १.८ मिमी लिहायचा मोह होतो, पण साइटवर ए-३ वर लहान करून काढलेली झेरॉक्स फिरते, हे लक्षात ठेवा.

आता गुणाकार. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि प्रमाण १:१०० असेल, तर कागदावरच्या २.५ मिमीसाठी मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे खऱ्या मापात ड्रॉइंग काढायच्या जागेत, उंची २५० हवी. प्रमाण १:५० असेल तर १२५. ड्रॉइंग मीटरमध्ये काढलं असेल तर १:१०० ला ०.२५. लेआउटवर, म्हणजे कागदाच्या जागेत थेट लिहीत असाल तर गुणाकार नाही, २.५ म्हणजे २.५.

एकच प्लॅन दोन प्रमाणांत दाखवायचा असेल, उदाहरणार्थ पूर्ण मजला १:१०० ला आणि जिना १:५० ला, तर अ‍ॅनोटेटिव्ह मजकूर वापरा. २००८ च्या आवृत्तीत ही सोय आली. त्यात तुम्ही कागदावरची उंची देता आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे लेआउटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीच्या, प्रमाणानुसार अक्षर आपोआप योग्य मापाचं दिसतं. मात्र त्या मजकुराला ते प्रमाण जोडलेलं असावं लागतं. नसेल तर त्या व्ह्यूपोर्टमध्ये मजकूर दिसतच नाही आणि माणूस तो कुठे गेला म्हणून शोधत बसतो. मजकूर निवडून 'ऑब्जेक्टस्केल' कमांडने हवं ते प्रमाण जोडता येतं. एकाच प्रमाणाचं ड्रॉइंग असेल तर मी या भानगडीत पडत नाही. सर्वसाधारण सूचना तर लेआउटवरच लिहितो. त्यांचा मॉडेलशी संबंध नसतो.

स्टाइल: सगळं इथेच ठरतं

स्टाइल म्हणजे मजकुराचा फॉन्ट, उंची वगैरे गोष्टींचा नाव दिलेला संच. 'स्टाइल' कमांड उघडा. ड्रॉइंगमध्ये 'स्टँडर्ड' ही स्टाइल आधीपासून असते. तिला हात लावू नका, स्वतःच्या दोन-तीन स्टाइल करा आणि टेम्प्लेट फाइलमध्ये ठेवा. माझ्या टेम्प्लेटमध्ये टीप, नाव आणि शीर्षक अशा तीन आहेत.

नवी स्टाइल करताना पहिला प्रश्न उंचीचा. स्टाइलमध्ये उंची शून्य ठेवली तर दर वेळी लिहिताना उंची देता येते. आकडा टाकला तर एकेरी ओळ लिहिताना उंची विचारलीच जात नाही, आणि ती स्टाइल डायमेन्शनला, म्हणजे मापरेषेला, लावली असेल तर डायमेन्शन स्टाइलमधली उंचीही चालत नाही, स्टाइलचीच लागते. डायमेन्शनची अक्षरं बदलत का नाहीत म्हणून डोकं धरून बसलेल्या बऱ्याच जणांची अडचण या एका आकड्यात असते. मी अ‍ॅनोटेटिव्ह नसलेल्या स्टाइलमध्ये शून्य ठेवतो.

दुसरा प्रश्न फॉन्टचा. एसएचएक्स फॉन्ट, म्हणजे सिम्प्लेक्स, रोमन-एस, आयएसओसीपी वगैरे, रेघांचे बनलेले असतात, हलके असतात आणि ऑटोकॅडसोबतच येतात. इंग्रजी टिपांना ते उत्तम. ट्रूटाइप फॉन्ट विंडोजचे असतात आणि देवनागरीसाठी तेच लागतात. एसएचएक्स फॉन्टच्या स्टाइलमध्ये मराठी टाइप केलंत तर प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मजकूर बिघडलेला नसतो, त्या फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसतात. स्टाइलचा फॉन्ट बदला, अक्षरं परत येतात.

मराठीसाठी कोणता फॉन्ट? मंगल सगळ्यांना माहीत आहे, पण विंडोज १० पासून तो मूळ संचात नसतो, देवनागरीचे पूरक फॉन्ट वेगळे बसवावे लागतात. निर्मला यूआय मात्र विंडोज ८ पासून सोबत येतो. तिसरा पर्याय मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता. त्याचा परवाना खुला आहे, त्यामुळे ड्रॉइंगसोबत फॉन्टची फाइलही पाठवता येते, आणि मला तो या कारणासाठी सगळ्यात आवडतो. उंचीचा आकडा तोच असला तरी देवनागरी आणि रोमन अक्षरं कागदावर सारखी मोठी दिसतील असं धरू नका. दोन्ही शेजारी छापून पट्टीने मोजा आणि मग उंची ठरवा.

जुन्या सरकारी किंवा निमसरकारी ड्रॉइंगमध्ये कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर असतो. तिथे आत खरं म्हणजे इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की अगम्य इंग्रजी दिसतं. अशा मजकुरावर 'अपरकेस' चालवू नका: लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर म्हणजे त्या फॉन्टमध्ये दोन वेगळी मराठी अक्षरं असतात, सगळा शब्द बदलून जातो. शक्य असेल तेव्हा तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावा.

रुंदीचं गुणोत्तर, म्हणजे विड्थ फॅक्टर, इंग्रजीला ०.८ पर्यंत खपतं. देवनागरीत जोडाक्षरं चिकटतात, तिथे १ च ठेवा. अक्षरांमधलं अंतर तर मराठीत वाढवूच नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

चौकट आखणे

'एमटी' टाइप करून एंटर. दोन कोपरे विचारले जातात. पहिला कोपरा दिला की लगेच दुसरा देऊ नका. कमांड लाइनवर उंची, जस्टिफिकेशन, ओळींचं अंतर, कोन, स्टाइल, रुंदी, कॉलम असे पर्याय येतात. जस्टिफिकेशनच्या नऊ जागा असतात: वर, मध्ये, खाली आणि प्रत्येकात डावी, मधली, उजवी. मजकूर वाढला की तो कोणत्या दिशेला वाढेल हे यावरून ठरतं. टायटल ब्लॉकच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या नावाच्या चौकटीच्या, वर बसवलेल्या सूचना खालच्या-डाव्या जागेवर टांगल्या तर नवी सूचना आली की मजकूर वरच्या बाजूला सरकतो, टायटल ब्लॉकवर चढत नाही.

खोलीचं नाव मध्यभागी हवं असेल तर जस्टिफिकेशन मधलं-मध्य निवडा आणि चौकटीचे दोन कोपरे म्हणून खोलीचे समोरासमोरचे आतले कोपरे स्नॅप करा. मजकूर आपोआप खोलीच्या बरोबर मध्ये बसतो. वेगळी कर्णरेषा काढायची गरज नाही.

एक हिशोब करून पाहू. बैठकीची खोली ३६०० × ४२०० ची, प्रमाण १:१००. कागदावर ती ३६ × ४२ मिमी. लेबल तीन ओळींचं: 'बैठक', '३६०० × ४२००', '१५.१२ चौ.मी.' सगळं २.५ मिमीमध्ये धरलं आणि ओळींचं अंतर नेहमीचं ठेवलं तर दोन आधाररेषांत सुमारे ४.१७ मिमी जातात. तीन ओळींना साधारण ११ मिमी उंची लागली. खोलीत मोकळी जागा भरपूर उरते. आता १२०० × २१०० चं शौचालय घ्या. कागदावर १२ × २१ मिमी. तिथे '१२०० × २१००' ही ओळ आडवी बसवताना दोन्ही भिंतींना टेकते, आणि दरवाज्याचा कंस, कमोड यांच्यावर चढते. अशा खोलीत अक्षर लहान करू नका. लेबल ९० अंशात फिरवा, किंवा 'एमलीडर' वापरून बाणासकट बाहेर काढा. एमलीडरमधला मजकूरही एमटेक्स्टच असतो, त्यामुळे इथलं सगळं तिथेही लागू पडतं.

आता सुरुवातीच्या घटनेकडे परत येतो. चौकटीची रुंदी ओळी कुठे तुटतील ते ठरवते. उंचीने मजकूर कापला जात नाही, तो खाली वाहत जातो. लहान लेबलात ओळी कुठे तोडायच्या हे तुम्हाला आधीच माहीत असतं. मग चौकटीवर कशाला सोडायचं? मजकूर निवडून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये रुंदी शून्य करा आणि ओळी स्वतः एंटर दाबून तोडा. रुंदी शून्य म्हणजे आपोआप ओळ तुटणं बंद. फॉन्ट बदलला तर ओळ फार तर थोडी लांबेल, पण शब्द खाली ढकलले जाणार नाहीत. ती सळ्यांची टीप मी अशी लिहिली असती तर रात्री अकरापर्यंत कुणाला थांबावं लागलं नसतं. परिच्छेदांच्या सूचनांना मात्र रुंदी हवीच. तिथे जागा थोडी सैल सोडा.

याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. '१५०' ओळीच्या शेवटी आणि 'मिमी' पुढच्या ओळीत, असं होऊ द्यायचं नसेल तर दोहोंमध्ये साध्या स्पेसऐवजी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस दाबा. सिम्बॉलच्या यादीतही ती सापडते. आकडा आणि त्याचं एकक, 'क्र.' आणि त्यापुढचा नंबर, 'एम' आणि '२०' या काँक्रीटच्या ग्रेडसारख्या जोड्या, इथे ती वापरायची सवय लावून घ्या.

एडिटरच्या आत

दुहेरी क्लिक केलं की एडिटर उघडतो आणि वर पट्टी दिसते. पट्टीवर दोन प्रकारच्या खुणा असतात: वरची परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचा समास ठरवते, खालची बाकीच्या ओळींचा. क्रमांक दिलेल्या सूचनांत आकडा बाहेर आणि मजकूर आत, असा लोंबता समास हवा असतो. त्यासाठी वरची खूण डावीकडे ठेवा, खालची थोडी उजवीकडे ओढा, आकड्यानंतर टॅब दाबा. नेमकं माप हवं असेल तर उजवी क्लिक करून 'पॅराग्राफ' उघडा आणि आकडे टाका. १ टाइप करून टिंब देऊन टॅब दाबला की ऑटोकॅड स्वतःच यादी सुरू करतं. मधली सूचना काढली तर पुढचे क्रमांक आपोआप सुधारतात, म्हणून हाताने क्रमांक घालण्यापेक्षा हे चांगलं. अट एकच: दुसऱ्या शीटवर 'सूचना क्र. ७ पाहा' असं लिहिलं असेल तर तो उल्लेख कुणी आपोआप बदलत नाही.

सळ्यांचं किंवा फिनिशिंगचं छोटं कोष्टक स्पेस दाबून जुळवू नका. ट्रूटाइप फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, रकाने कधीच सरळ येत नाहीत. टॅबच्या खुणा बसवा. आणि चार रकान्यांपुढे जात असेल तर सरळ 'टेबल' कमांड वापरा.

ओळींच्या अंतराचे दोन प्रकार आहेत. 'अ‍ॅट लीस्ट' मध्ये ओळीत मोठं अक्षर किंवा अपूर्णांक आला की ती ओळ आपोआप उंच होते. 'एक्झॅक्टली' मध्ये अंतर पक्कं राहतं. आखलेल्या रेघांच्या चौकटीत मजकूर बसवायचा असेल तर एक्झॅक्टली, नाहीतर दहाव्या ओळीपर्यंत मजकूर रेघांवरून घसरतो. बाकी ठिकाणी अ‍ॅट लीस्ट. पटीचा आकडा ०.२५ ते ४ पर्यंत देता येतो. देवनागरीत वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात. एक्झॅक्टली वापरून अंतर १ पेक्षा कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मराठी टिपांना मी १.१ किंवा १.२ ठेवतो.

आता अपूर्णांकांचा सापळा, जो आपल्याकडे नेमका जास्त बसतो. इंग्रजी आकड्यांमध्ये तिरकी रेघ घालून स्पेस दिला की ऑटोकॅड त्याचा वर-खाली लिहिलेला अपूर्णांक करून टाकतं. पाइपाच्या १/२ इंचासाठी ते छान. पण 'गट क्र. ४५/२' इंग्रजी आकड्यांत लिहिलंत की पंचेचाळीस छेद दोन तयार होतो, आणि ७/१२ चा उतारा सात छेद बारा होतो. मंजुरीसाठी द्यायच्या नकाशावर गट नंबर असा दिसणं बरं नाही. अपूर्णांकाजवळ विजेच्या आकाराची छोटी खूण दिसते, तिच्यावर क्लिक करून तो मोडा आणि तिथेच ही आपोआप होणारी क्रिया बंद करा. उताराचं प्रमाण लिहिताना १/१०० ऐवजी १:१०० लिहा.

मशीन ड्रॉइंगवाल्यांसाठी हीच सोय फार मोलाची आहे. वरची आणि खालची टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, मध्ये ^ हे चिन्ह घालून लिहा, उदाहरणार्थ +०.०२^-०.०१, निवडा आणि 'स्टॅक' दाबा: रेघेशिवाय एकाखाली एक बसतात. # घातलं तर तिरका अपूर्णांक मिळतो. स्टॅक केलेली अक्षरं मूळ उंचीच्या ७० टक्के होतात, हे उंची ठरवताना धरा, २.५ मिमीच्या मजकुरातला टॉलरन्सचा आकडा १.७५ मिमीचाच राहतो.

चिन्हांसाठी %% आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर: डी म्हणजे अंश, पी म्हणजे अधिक-उणे, सी म्हणजे व्यास. व्यासाचं चिन्ह प्रत्येक देवनागरी फॉन्टमध्ये असेलच असं नाही. चौकोन दिसला तर तेवढ्या एका चिन्हाला दुसरा फॉन्ट द्या.

आत लपलेलं फॉरमॅटिंग

मी आत्ताच एका चिन्हाला वेगळा फॉन्ट द्यायला सांगितलं, आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्टही हीच आहे. एडिटरमध्ये एखादा शब्द निवडून त्याचा फॉन्ट, उंची किंवा रंग बदललात की तो बदल त्या मजकुराच्या आत साठवला जातो. मग सहा महिन्यांनी तुम्ही स्टाइलचा फॉन्ट बदलता, ड्रॉइंगमधली सगळी लेबलं बदलतात आणि ते शब्द मात्र जुन्याच फॉन्टमध्ये राहतात. रंगाचंही तेच: लेअरचा, म्हणजे ड्रॉइंगमधल्या ज्या थरावर मजकूर आहे त्याचा, रंग बदलला तरी आत लाल केलेला शब्द लालच, आणि रंगावरून रेघेची जाडी ठरत असेल तर प्लॉटमध्ये तो शब्द वेगळ्या जाडीने उमटतो.

म्हणून शक्यतो एका लेबलाला एक स्टाइल, एक उंची आणि रंग लेअरप्रमाणे. नाव मोठं आणि मापं लहान हवी असतील तर उंचीचा तेवढा एक बदल चालेल. ठळकपणा हवा असेल तर वेगळी स्टाइल करून वेगळा मजकूर लिहिलेला मला जास्त बरा वाटतो.

दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये हा कचरा भरलेला असतोच. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात तर हमखास. वर्डमधलं घ्यायचं असेल तर आधी एमटेक्स्टचा एडिटर उघडा, आत कर्सर ठेवा, उजवी क्लिक करून 'पेस्ट स्पेशल' मधून अक्षरांचं फॉरमॅटिंग न घेता चिकटवा. एडिटर न उघडता थेट ड्रॉइंगवर चिकटवलंत तर मजकुराऐवजी वर्डची जोडलेली वस्तू येऊन बसते, जी प्लॉटमध्ये दगा देते. आधीच आलेला कचरा काढायचा तर एडिटरमध्ये सगळं निवडून 'रिमूव्ह ऑल फॉरमॅटिंग' द्या. फक्त अक्षरांचं काढायला कंट्रोल-स्पेस पुरतं. शेकडो लेबलं एकदम साफ करायची असतील तर 'स्ट्रिपएमटेक्स्ट' हे लिस्प रूटीन, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, ड्राफ्ट्समन मंडळींमध्ये वर्षानुवर्षं चालत आलंय.

फॉरमॅटिंग काढून टाकण्याआधी मजकुरात स्टॅक केलेल्या टॉलरन्स आहेत का ते पाहा आणि साफ केल्यावर त्या तपासा.

क्षेत्रफळ हाताने लिहू नका

खोलीचं माप बदललं आणि लेबलातलं क्षेत्रफळ जुनंच राहिलं, ही चूक एरिया स्टेटमेंटपर्यंत, म्हणजे क्षेत्रफळाच्या तक्त्यापर्यंत, जाते. त्यावर फील्ड, म्हणजे वस्तूशी जोडलेला आणि तिच्यासोबत बदलणारा आकडा, हा उपाय आहे. खोलीच्या आतल्या कडेने बंद पॉलीलाइन (सलग जोडलेल्या रेघांची एकच वस्तू) काढा, ती न छापल्या जाणाऱ्या लेअरवर ठेवा. एडिटरमध्ये कर्सर तिसऱ्या ओळीवर ठेवून 'फील्ड' घाला, ऑब्जेक्ट निवडा, पॉलीलाइनवर क्लिक करा, गुणधर्म म्हणून 'एरिया', दशांश दोन स्थळं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असल्यामुळे आकडा चौरस मिलिमीटरमध्ये येईल: १५१२००००. जास्तीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतराचा गुणक ०.०००००१ द्या आणि मागे ' चौ.मी.' जोडा. आता १५.१२ चौ.मी. दिसेल. भिंत सरकवून पॉलीलाइन ताणा, 'रीजेन' ही ड्रॉइंग ताजं करणारी कमांड द्या, आकडा बदलतो. आकड्यामागची करडी पट्टी स्क्रीनपुरती असते, छापली जात नाही. #### दिसलं तर पॉलीलाइन कुणीतरी पुसली आहे असं समजा.

पॉलीलाइन कुठून काढायची हे मात्र फील्ड सांगत नाही. चटई क्षेत्र म्हणून आकडा देणार असाल तर २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याची व्याख्या पाळा: आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंतींची जागा, डक्ट, फक्त त्या घराची बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. ग्राहक तो आकडा करारात वाचतो.

मास्क, कॉलम आणि पाठवण्यापूर्वी

हॅचवर मजकूर येणं टळत नसेल तर 'बॅकग्राउंड मास्क', म्हणजे मजकुरामागचं कोरं झाकण, लावा. त्यातला आकडा १ ते ५ असतो, सुरुवातीला १.५ दिसतो, तो फार पसरट होतो, १.२ पुरे. रंगाऐवजी 'ड्रॉइंगच्या पार्श्वभूमीचा रंग' ही खूण करा. मास्क लावूनही हॅच वरच दिसत असेल तर 'टेक्स्टटूफ्रंट' कमांडने सगळा मजकूर एकदम पुढे आणता येतो.

एमटेक्स्टमध्ये कॉलम आपोआप चालू असतात आणि त्यामुळे ग्रिप (वस्तू निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) ओढताना मजकूर अचानक दोन भागांत फुटतो. मला ते बहुतेक वेळा नको असतं, म्हणून 'एमटेक्स्टकॉलम' हे व्हेरिएबल शून्य करून ठेवलंय. ए-१ च्या उजव्या बाजूला लांबलचक सूचना लिहायच्या असतील तेव्हाच कॉलम चालू करा.

पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी करतो. 'मिरटेक्स्ट' हे व्हेरिएबल शून्य आहे ना ते पाहतो, नाहीतर फ्लॅटचा प्लॅन आरशासारखा उलटवताना अक्षरंही उलटी होतात. 'ईट्रान्समिट' ने पॅकेज करतो, पण त्यात एसएचएक्स फॉन्ट जातात, विंडोजचे ट्रूटाइप जातीलच असं धरत नाही. मुक्ताची फाइल स्वतः त्यात टाकतो. आणि सोबत पीडीएफ नेहमी देतो. पीडीएफ उघडल्यावर एसएचएक्समधल्या प्रत्येक लेबलाभोवती टिपणाचे चौकोन दिसत असतील तर 'पीडीएफएसएचएक्स' शून्य करून पुन्हा काढा.

मग ती पीडीएफ ए-३ वर छापतो आणि हात लांब करून धरतो. साइटवरचा माणूस ती साधारण तेवढ्याच अंतरावरून, उन्हात आणि धुळीत वाचणार असतो. जी टीप त्या अंतरावरून एका दमात वाचता येत नाही तिच्याभोवती लाल पेनने गोल करतो आणि संगणकाकडे परत जातो.